लातूरच्या मोंढ्यातल्या भाच्यास

देगलूर

चि. बाळूस,


सोयाबीनची थप्पी लावताना तुझ्या कमरेत उसण भरली, असं काल शेजारच्या पोराकडून कळलं. पायाळूला बोलावून कमरेवर लाथ मारून घेतलीस म्हणे. मग कुठलंसं इंजेक्शन टोचून घेऊन तिसऱ्याच दिवशी परत पोत्याखाली गेलास. खरं आहे का हे? आत्या जन्मभर दवाखान्यात राबली, तिला एक फोन करायला काय झालं होतं?

नीट ऐक. वाकून ओझं उचललं आणि त्यातच अंग पिळलं की कमरेच्या स्नायूचे बारीक तंतू तुटतात. मग आजूबाजूचे स्नायू आखडून कमर धरून ठेवतात. लाथेने ते सुटत नाहीत, उलट दुखणं वाढतं. इंजेक्शनने कळ दबते, पण तुटलेलं जुळायला दिवस लागतातच. आणि कळ दबली की तू पोतं घेणार, याचीच मला धास्ती आहे.

बहुतेकांची उसण काही दिवसांत, फार तर चार-सहा आठवड्यांत बरी होते. आता शेकायला गरम पाण्याची पिशवी घे. दिवसभर अंथरुणात पडून राहू नकोस, त्याने कमर आणखी आखडते. सोसवेल तेवढं चाल. दुखायची गोळी डॉक्टरांना विचारूनच, तीही उपाशीपोटी नको. मात्र पायात मुंग्या आल्या, पाय लुळा वाटला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा. रात्र असली तरी जा.

तुझ्या बापाच्या वेळी क्विंटलचं पोतं असायचं. बाबा आढावांनी हमालांसाठी आयुष्य घातलं, 1969 ला माथाडी कायदा झाला. एका माणसावर 55 किलोच्या वर ओझं नको, असं जागतिक कामगार संघटनेने 1967 लाच सांगितलं होतं. पण आपल्या घरात तेव्हा हे कुणाला ठाऊक? दादा सकाळी भिंत धरून उठायचा. मला वाटायचं, दमलाय. माझ्या नर्सिंगची फी त्याच कमरेतून निघत होती, हे मला फार उशिरा उमगलं. त्याला कधी शेकूनसुद्धा दिलं नाही मी.

म्हणून सांगते, इतक्यात पोतं उचलू नकोस. पुढे कामाला लागशील तेव्हा गुडघ्यात वाकून पोतं अंगालगत घे. वळताना पाय फिरव, कमर पिळू नकोस. खालच्या थरातलं पोतं दोघांनी उचला. सोबत्याला हाक मारायला लाजू नकोस. झोपेतून उठल्या उठल्या तर जड काही घेऊच नको. रात्रभरात मणक्यांतल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांवर जास्त ताण येतो.

फार बोलले. तुझी सुगीची कमाई बुडते, घरी पैसे धाडायचेत, म्हणून तू गेलास, हे का मला कळत नाही? वहिनीशी मी बोलते, या महिन्याचं मी बघते. तू जरा चालता-फिरता झालास की उदगीरवरून इकडे ये. एसटीत मागच्या सीटवर बसू नकोस, धक्के फार बसतात. आतली खोली रिकामीच आहे, हवे तितके दिवस राहा. अंबाडीची भाजी नि भाकरी करते. कोणत्या गाडीने येतोस ते कळव, स्टँडवर घ्यायला येते. पिशवी मी धरीन.

तुझी,
आत्या