शेवटची खोली: एका मेसेजचं वाचन

उज्जैनला शिप्राकाठी राम घाट आहे. २०२८ च्या सिंहस्थात तिथे स्नानाला महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक जातील, आणि बरेच जण खोली मोबाईलवरच शोधतील. खोट्या बुकिंगवाल्यांना अशी गर्दी हवीच असते. यात्रेकरूंना फसवणाऱ्या वेबसाइटींबद्दल केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता.

असा मेसेज मी परीक्षेतल्या उताऱ्यासारखा वाचते. हा एक नमुना घ्या: ‘घाटाला लागून शेवटची खोली. दहा मिनिटांत अ‍ॅडव्हान्स भरा, नाहीतर रद्द.’

निवेदक कोण? नाव नाही, नुसता फोटो आणि नंबर. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसते म्हणून साइट खरी ठरत नाही. पैसे भरून जाहिरातही वर आणता येते. धर्मशाळेचा नंबर दुसरीकडून मिळवा आणि स्वतः फोन करा.

घाई कोणाला? आपल्याला विचार करू न देणं, एवढंच त्या दहा मिनिटांचं काम.

क्रियापद कुठलं? पुढे ‘रिफंडसाठी पिन टाका’ असं आलं, तर तिथेच थांबा. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

तरीही पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार झाली तर ते अडवता येऊ शकतात. घरातली मोठी माणसं लाजेपोटी गप्प बसतात आणि तेवढ्यात वेळ जातो. म्हणून रागावणं नंतर, आधी फोन.