क्षमा करावी, पण अन्याय झाकू नये



मुलीच्या मोबाईलवर कोणी नको ते संदेश पाठवू लागला, की पुष्कळ घरांत तिचाच फोन काढून घेतला जातो. "गप्प राहा, घराण्याचे नाव जाईल," असे तिला बजावले जाते. मग शिक्षा कोणाला झाली?

कायदा तिच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे, किंवा तिच्या इंटरनेट व ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिच्या संमतीने काढलेले खाजगी छायाचित्रही तिच्या परवानगीविना इतरांना पाठवणे कलम ७७ खाली गुन्हा ठरते.

म्हणून संदेश पुसू नका. नंबर व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; हद्दीची अडचण नाही.

"पण प्रभूने क्षमा करायला सांगितले ना?" होय. क्रुसावरून त्याने क्षमाच मागितली (लूक २३:३४). परंतु शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने जाबही विचारला (योहान १८:२३). क्षमा मनातला द्वेष काढते, गुन्ह्यावर पांघरूण घालत नाही.

पालकांनो, मुलीला आधी सांगा, "बाळा, चूक तुझी नाही." आणि मुलाला शिकवा, एकदा 'नाही' म्हणजे नाहीच.

– तुमचे धर्मगुरू