इवलीशी आगगाडी

आगगाडी दिसताच ज्याचे पाऊल थबकत नाही, असे मूल विरळाच. काहींचे हे वेड मोठेपणीही सरत नाही. घरातील एखाद्या खोलीत रूळ अंथरून ते सबंध रेल्वेच लहान आकारात उभी करू लागतात. पुण्याच्या भाऊ जोशी यांनी असाच छंद जोपासला. त्यातून निर्माण झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली कोथरूड भागात लोकांसाठी खुले झाले.

हा छंद म्हणजे नुसता खेळ नव्हे. खेळण्यातील गाडी कशीही असली तरी चालते. प्रतिकृती मात्र प्रमाणात असावी लागते. त्यांपैकी एक फार प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. म्हणजे खऱ्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची यांना ८७ ने भागावयाचे. १७४ सेंटिमीटर उंचीचा हमाल येथे अवघा २ सेंटिमीटरांचा होतो. मुंबई ते ठाणे हा १८५३ साली सुरू झालेला सुमारे ३४ किलोमीटरांचा लोहमार्ग या प्रमाणात हुबेहूब करावयाचा, तर जवळजवळ ३९० मीटर जागा लागेल! मग कोणते स्थानक ठेवावे, कोणता पूल गाळावा, याची निवड करणे भागच पडते.

सारे काही लहान होते. परंतु एक गोष्ट लहान होत नाही. ती म्हणजे चढ. बोरघाटात लोहमार्ग काही ठिकाणी ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढतो. प्रतिकृतीतही ३७ सेंटिमीटर पुढे जावे, तेव्हा १ सेंटिमीटर वर चढता येते. एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्यास ८ सेंटिमीटर उंची हवी असेल, तर आधी सुमारे ३ मीटर धाव घ्यावी लागते. उतावळेपणाने चढ उभा केला, तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहतात.

पण खऱ्या परीक्षेचा प्रसंग पुढेच असतो. तारेची जाळी, कागद आणि प्लास्टर यांचा डोंगर अनेक आठवडे खपून तयार झालेला असतो. त्यावर झाडे उभी राहिलेली असतात. आणि नेमका बोगद्याच्या आत डबा घसरतो! पाहावे, तर रुळांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरचा उंचसखलपणा. अर्धा मिलिमीटर तो काय, असे वाटेल. परंतु ८७ पटींच्या हिशेबाने खऱ्या लोहमार्गावर तो त्रेचाळीस मिलिमीटरांहून अधिक होतो.

आता काय करावे? त्या मार्गाने गाडी न नेली, तर पाहुण्यांना दोष कळणारही नाही. डोंगर तसाच सुंदर दिसेल. पण ज्याने तो रचला, त्याला मात्र बोगद्यातील तो सांधा रोज ठाऊक असेल. म्हणून खरा छंदिष्ट मुकाट्याने पटाशी हाती घेतो, स्वतःच उभारलेला डोंगर फोडतो, सांधा नीट बसवतो आणि जाळी पुन्हा बांधावयास लागतो.

असे काम कधी पुरे होत नाही. डोंगर उभा राहिला, की फलाटावरील दिवे राहिलेले असतात. दिवे लागले, की नदीवरील पूल खुणावू लागतो. तरीही दुरुस्त केलेल्या बोगद्याच्या दुसऱ्या टोकाशी इंजिनाचा इवलासा दिवा चमकतो आणि मागोमाग सगळे डबे सुखरूप बाहेर येतात, त्या क्षणी फोडलेल्या डोंगराचे दुःख कोणाला आठवते?