दुकान की लो व्हिजन?

प्रश्न : मी श्रीरामपूरची. बी.ऑप्टोमचं शेवटचं वर्ष चालू आहे. घरचे म्हणतात, चष्म्याचं दुकान टाक. मला लो व्हिजनमध्ये, म्हणजे नेहमीच्या चष्म्यानंही नीट न दिसणाऱ्यांसाठी, काम करायचंय. त्यावर पोट भरेल का?

उत्तर : नुसत्या त्यावर श्रीरामपुरात भरणार नाही, हे आधीच सांगतो. दुकान टाकाच, आठवड्यातला एक दिवस लो व्हिजनसाठी राखून ठेवा.

हे काम नंबर काढण्यासारखं पाच मिनिटांत उरकत नाही. समजा, आजोबांना २५ सेंटिमीटरवर एन२४ आकाराचं अक्षर दिसतं, उसाच्या बिलासाठी एन८ लागतं. म्हणजे तिप्पट मोठं दिसायला हवं. त्यासाठी चष्म्यात १२ डायॉप्टरचं भिंग बसवलं, की कागद डोळ्यांपासून जेमतेम ८ सेंटिमीटरवर धरावा लागतो. गणित सोपं, हात तिथं स्थिर ठेवायला शिकवण्यातच तासभर जातो. शिवाय ‘नाकाला लावून वाचलं की डोळे जातात’ ही घरच्यांची समजूत दूर करायची, ते वेगळंच! कधी भिंगही लागत नाही. पांढऱ्या ताटातला दहीभात न दिसणाऱ्या आजींना गडद रंगाचं ताट द्या, बघा.

इंटर्नशिपमध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी लो व्हिजन विभागात काही दिवस मिळतात का, ते विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली अल्पदृष्टीची व्याख्याही वाचून ठेवा. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं कसं, हे पेशंट पहिल्याच भेटीत विचारतात.