नववी-दहावीला आनुवंशिकता शिकवणाऱ्या भाचीस

चि. चिमूस,


तुझी नेमणूक अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत झाली आणि नववी-दहावीचं विज्ञान तुझ्या वाट्याला आलं, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, म्हणजे शाळा सुरू झाल्या झाल्या तुला त्याला हात घालावा लागेल. बी.एड.च्या पाठाला शहरातल्या वर्गात शिकवलास तसा तो इथे शिकवू नकोस, हे सांगायला हे पत्र. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. तुझ्यासमोर बसलेल्यांपैकी काहींना तो असेल, काही त्याचे वाहक असतील, आणि निम्म्यांना आपण कोण ते ठाऊकही नसेल. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या लॅबमध्ये याच तपासण्या करण्यात गेली, म्हणून अधिकाराने लिहिते.

मेंडेलच्या वाटाण्यांवर दोन तासिका घालवू नकोस. त्याने १८६५ मध्ये ब्रनोच्या सभेत निबंध वाचला, उंच-बुटक्या झाडांचं गणित मांडलं, एवढं पुरे. पोरांनी वाटाणा बाजारात पाहिलेला असतो, त्याच्या झाडाची उंची कुणी मोजलेली नसते. त्यापेक्षा सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट दाखवायला मिळते का बघ. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती केलीस तर ते नाही म्हणणार नाहीत. नळीत रसायन घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब सोडायचा. रसायनाने तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि त्याचा ऑक्सिजन काढून घेतला जातो. पाचेक मिनिटांनी नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलसेलचं ‘एस’ हिमोग्लोबिन आहे, कारण ऑक्सिजन गेला की ते विरघळलेलं राहत नाही. मात्र वर्गातल्या कुणाचंही रक्त घेऊन हे दाखवायचं नाही. निनावी नमुन्यावर दाखव.

आणि हेही सांग, की गढूळ नळीवरून वाहक की रुग्ण ते ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकतं आणि आम्लारिधर्मी द्रावणात ‘एस’ हे ‘ए’च्या, म्हणजे निरोगी हिमोग्लोबिनच्या, मागे राहतं. वाहकाच्या म्हणजे एएसच्या नमुन्यात दोन्ही पट्टे दिसतात, रुग्णाच्या म्हणजे एसएसच्या नमुन्यात ‘ए’चा पट्टाच नसतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सरकणं पहिल्यांदा मोजलं आणि रोगाचं मूळ एका रेणूत असू शकतं हे जगाला दाखवलं. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅमने नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. बाकी सगळी साखळी जशीच्या तशी. डीएनएत बघायचं तर एका अक्षराची अदलाबदल. पण त्या एका बदलाने रेणू ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि पोर हाडं दुखतात म्हणून रात्रभर कण्हतं. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. पांडुरोग येतो तो त्यामुळे. इथे थोडं थांब. एवढ्याशा बदलाचे एवढे परिणाम होतात हे पोरांना आपापल्या परीने पचवू दे.

मग नाणी काढ. दोन पोरं पुढे बोलाव, एक आई, एक बाप, दोघेही एएस. नाण्याच्या छाप्याला ‘ए’ म्हणा, काट्याला ‘एस’. दोघांनी एकदम उडवायचं, जे पडेल ते मूल. फळ्यावर मांडत जा. शंभरेक वेळा झाल्यावर पाव भागाच्या आसपास एए, निम्मे एएस, पाव एसएस येतील. याचा खरा उपयोग वेगळाच आहे. घरोघरी एक समजूत ऐकू येते, की पहिलं मूल एसएस निघालं म्हणजे चारातला एक हिस्सा भरला, आता पुढची तीन सुटली. या समजुतीपायी एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन आजारी मुलं मी पाहिली आहेत. नाण्याला मागचा डाव आठवत नाही, हे पोरांना हाताने कळलं की ती घरी जाऊन आईबापांना सांगतील. तुझ्या तासाचा याहून मोठा फायदा मला दिसत नाही.

दुसरी गोष्टही त्याच नाण्यांतून निघते. एसएस मूल व्हायला एक ‘एस’ आईकडून आणि एक बापाकडूनच यावा लागतो. तरी दोष सुनेच्या माथी मारला जातो. तिच्या माहेरचं रक्त खराब म्हणतात, तिला माहेरी धाडतात, दुसरी करतात. आणि ती दुसरीही एएस निघाली तर? हे वर्गात ठणकावून सांग. आणखी एक, कूळ वेगळं पाहून लग्न केलं म्हणजे सुटलो असं नसतं. जनुक सगळ्या समाजात पसरलेला आहे, कुळं बघून तो थांबत नाही. आणि हा फक्त आदिवासींचा आजार अशीही समजूत पसरू देऊ नकोस. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आहे.

आता उत्क्रांती. पुस्तकात तिचा भाग वेगळा येतो, जीवाश्म, अवशेषांगे वगैरे. तू मात्र सिकलसेलपाशीच हा प्रश्न उभा कर: एसएस मुलं पूर्वी मोठी व्हायच्या आत दगावत. प्रत्येक मृत्यूबरोबर दोन ‘एस’ नाहीसे होत. मग हजारो वर्षांत हा जनुक संपला का नाही? उत्तर लगेच देऊ नकोस, त्यांना तर्क करू दे. हाच प्रश्न अँथनी ॲलिसनला पडला. तो केनियात वाढलेला. त्याने १९४९ मध्ये तिथल्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा किनाऱ्याला आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहक २० टक्क्यांहून जास्त निघाले, मधल्या थंड पठारावर एक टक्काही नाहीत. जिथे मलेरिया भरपूर, तिथे वाहक भरपूर. १९५४ मध्ये त्याने पुरावे मांडले, की एएस बाळांना मलेरिया झाला तरी त्याचं जीवघेणं रूप त्यांच्यात बरंच कमी होतं. एए बाळं मलेरियाने जात, एसएस बाळं सिकलसेलने, एएस तगून राहत. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच थॅलेसेमियाबद्दल असा तर्क बोलून दाखवला होता. ते पुढे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

सातपुड्याच्या जंगलात, गोंडवनात, मेळघाटात मलेरिया किती पिढ्यांनी सोसला हे तुझी पोरं आज्यांकडून ऐकून असतील. आपल्याकडच्या ‘एस’ जनुकाच्या आजूबाजूची डीएनएची ठेवण आफ्रिकेतल्या ठेवणींहून वेगळी आहे, पूर्व अरबस्तानातल्या लोकांशी जुळणारी. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला, १९५८ मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे डॉक्टरांना त्याचा पत्ता उशिरा लागला, जंगलात तो फार आधीपासून होता. ज्या मुलीच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डावर एएस लिहिलंय ती ज्या वाडवडिलांची नात आहे ते त्या तापातून वाचले, आणि वाचले त्यात या जनुकाचा हात होता. मुलीला हे कळलं पाहिजे. कुणीतरी तिला ‘तुझ्यात खोट आहे’ असं सांगायच्या आधी कळलं पाहिजे.

पण इथेच उलटा अर्थ निघतो, म्हणून सावध राहा. निसर्गाने विचार करून ही योजना केली असं म्हणू नकोस. बदल आपोआप झाला, त्या परिस्थितीत तो टिकला, आणि त्याची किंमत एसएस मुलांनी मोजली. वाहकाला मलेरिया होत नाही, असंही म्हणू नकोस. होतो, मच्छरदाणी सगळ्यांनाच हवी, आणि एसएस मुलाला मलेरिया झाला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. मोठी मुलं विचारतील, म्हणजे आमचा जनुकच काढून टाकणार का? नाही. एएसने एएशी लग्न केलं तर एसएस मूल होणार नाही, पण निम्मी मुलं वाहक होतच राहतील. जायचं आहे ते आजाराला, वाहकांना नव्हे. कुठल्या माणसांनी वंश वाढवावा आणि कुठल्या नाही, असले हिशेब मांडणाऱ्यांनी गेल्या शतकात काय केलं ते इतिहासाच्या बाईंकडून वर्गाला ऐकवायला हरकत नाही.

दहावीतल्या मुलींची लग्नं फार लांब नसतात आणि त्या तुला बाजूला गाठून विचारतील, “मॅडम, माझं एएस आहे, माझं लग्न होईल का?” सांग, होईल. आधी अठरा पूर्ण कर, शीक, आणि जोडीदाराची तपासणी करून घे. तो एए निघाला तर एसएसची काळजी नाही. दोघंही एएस आणि दोघांचं एकमेकांवर मन असेल तर आधी समुपदेशन घ्या. दिवस राहिल्यावर लवकर गर्भाची तपासणी करता येते, ती कुठे होते ते जिल्हा रुग्णालयात कळतं. निर्णय त्यांचा. तू निर्णय देऊ नकोस, आणि घरच्यांना परस्पर सांगू तर मुळीच नकोस.

वंशावळीचा तक्ता शिकवताना कुणालाही स्वतःच्या घराचा काढायला लावू नकोस. रक्तगट, कार्डं वर्गात जुळवून पाहायची नाहीत. एखाद्या घरातली झाकलेली गोष्ट तुझ्या फळ्यावर उघडी पडली तर ते पोर पुन्हा शाळेत येणार नाही. काल्पनिक कुटुंब काढ.

आजारी मुलांसाठी मात्र मुख्याध्यापकांशी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांशी पहिल्या आठवड्यातच बोल. एसएस मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून त्यांना वारंवार जावं लागतं आणि पाणी सतत लागतं. “आत्ताच तर गेला होतास” म्हणून त्यांना बसवून ठेवू नकोस. प्रार्थनेला उन्हात ताटकळत उभं करायचं नाही, खेळात दमेपर्यंत पळवायचं नाही. सातपुड्यात डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते, गार पाण्याने आंघोळ आणि एकच चादर यांनीही दुखणं उठतं. फॉलिक ॲसिड रोज, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिलं असेल तर तेही न चुकता. गोळ्या संपायच्या आधी आरोग्य केंद्रातून आणून ठेव, संपल्यावर नव्हे. ताप आला, छातीत दुखलं, डोळे एकाएकी फिके-पिवळे दिसले किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच गाडी काढायची. १०८ चा नंबर वसतिगृहाच्या दारावर ठळक लिहून ठेव आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा सगळ्या मुलांना दाखवून ठेव.

तुझी,
मावशी