इन्सेप्शन : मनात रुजवलेला विचार





मागच्या महिन्यात अकरावीच्या काही मुलांनी मला विचारले, "सर, दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून त्याच्या डोक्यात विचार घालता येतो का?" मुलांनी 'इन्सेप्शन' हा चित्रपट पाहिला होता. उत्तर द्यायचे म्हणून मीही तो पाहिला. पहिल्या वेळी अर्धाच कळला, म्हणून पुन्हा पाहिला. प्रश्न तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत मावणारा नव्हता, म्हणून हा पाठ.

कथा थोडक्यात

हा चित्रपट 2010 साली आला. लेखक-दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि प्रमुख भूमिकेत लिओनार्डो डिकॅप्रिओ. छायाचित्रण, दृश्य परिणाम, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंकलन यांसाठी त्याला चार ऑस्कर मिळाले.

नायक कॉब हा चोर आहे, पण तो तिजोरी फोडत नाही. झोपलेल्या माणसाच्या स्वप्नात शिरून तो गुपिते पळवतो. सायतो नावाचा जपानी उद्योगपती त्याला उलटे काम देतो: चोरायचे काही नाही, एक विचार पेरायचा. रॉबर्ट फिशर या तरुण वारसाला वाटले पाहिजे की वडिलांचा उद्योगसमूह मोडून टाकावा. अट एकच. हा विचार आपलाच आहे, अशी त्याची खात्री पटली पाहिजे. त्यासाठी स्वप्नात स्वप्न आणि त्यात तिसरे स्वप्न, असे तीन मजले रचले जातात.

वेळेचे गणित

झोपेच्या खास औषधामुळे स्वप्नात मेंदू वीस पट वेगाने चालतो, असे चित्रपटात मानले आहे. विमानप्रवास 10 तासांचा. मग पहिल्या स्वप्नात 200 तास, म्हणजे सुमारे 8 दिवस. दुसऱ्यात 4,000 तास, म्हणजे जवळपास साडेपाच महिने. तिसऱ्यात 80,000 तास, म्हणजे 9 वर्षांहून जास्त. पात्रे एक आठवडा, सहा महिने आणि दहा वर्षे असे ढोबळ आकडे सांगतात. घातांक शिकणाऱ्या मुलांनी हे वहीत करून पाहावे.

भौतिकशास्त्राची गंमतही आहे. पहिल्या स्वप्नातली गाडी पुलावरून खाली पडते, म्हणून दुसऱ्या स्वप्नातल्या हॉटेलात माणसे तरंगू लागतात. मुक्तपतनात वजन जाणवत नाही, हा आपला नववीचा धडा. त्याआधीच्या मारामारीत हॉटेलचा बोळ गरगर फिरतो. तो संगणकावर काढलेला नाही, खरोखर बांधून यंत्राने फिरवला होता.

विज्ञान काय सांगते?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'अवचेतन' हा शब्द आम्ही शिकलो. मराठीत सुप्त मन किंवा अंतर्मन म्हणतात. शब्द कोणताही घ्या, मनाचा मोठा भाग आपल्या नकळत काम करतो, हे खरे आहे.

1953 साली शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. या टप्प्यात उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. याला रेम झोप म्हणतात. पुढे इंग्लंडमध्ये कीथ हर्न आणि अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांच्या प्रयोगांत, आपण स्वप्नात आहोत हे ओळखणाऱ्या माणसांनी आधी ठरवल्याप्रमाणे डोळे हलवून झोपेतूनच खूण केली. लाबर्ज यांनी अशा स्वप्नात आकडे मोजायला लावले, तेव्हा जागेपणी लागतो साधारण तेवढाच वेळ लागला. म्हणजे वीस पटीचे गणित ही कथेची सोय आहे.

आणि विचार पेरणे? 1950 च्या दशकात सायमन आणि एमन्स यांनी झोपलेल्या लोकांना माहिती ऐकवून पाहिली. मेंदूच्या नोंदींनुसार जे खरोखर गाढ झोपले होते, त्यांना सकाळी ती आठवली नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी मोबाइलवर धडा लावून झोपू नका. दिवसा अभ्यासलेले मात्र झोपेत पक्के होते. तुमच्या वयाला 8 ते 10 तास झोप हवी, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

पेरणी दिवसाउजेडी होते

इथे मला थांबावे लागले. झोपेत विचार पेरता येत नाही, पण जागेपणी येतो. आणि तो आपण रोज पेरतो.

वीस-एक वर्षांपूर्वी मी आठवीला गणित शिकवत असे. एक मुलगा अवयव पाडताना पुन्हा पुन्हा चुकला. मी वैतागून म्हणालो, "छोड़ो, गणित तुम्हारे बस का नहीं है." वर्ग हसला. मी विसरून गेलो. गेल्या वर्षी तो मुलीच्या प्रवेशासाठी आला. फीच्या हप्त्यांचा हिशोब आला तेव्हा त्याने कागद पत्नीकडे सरकवला आणि हसत म्हणाला, "तूच बघ. सरांनीच सांगितलं होतं, गणित माझ्या बसचं नाही." मी त्याची माफी मागितली. "अहो सर, त्यात काय एवढं!" तो म्हणाला. पण हिशोब शेवटी पत्नीनेच केला.

चित्रपटात कॉबने एकेकाळी आपल्या पत्नीच्या मनात एक शंका पेरलेली असते: हे जग खरे नाही. स्वप्नातून बाहेर यायला ती शंका उपयोगी पडली. पण जागी झाल्यावरही ती गेली नाही, आणि त्यातच पत्नीचा जीव गेला. पेरणाऱ्याचा हेतू चांगला होता. फिशरच्या वेळी मात्र ही मंडळी ठरवतात की वडिलांबद्दलच्या रागापेक्षा मायेवर आधारलेला विचार अधिक घट्ट रुजेल. शेवटी फिशरला तिजोरीत लहानपणीचे कागदी भिरभिरे सापडते आणि त्याला वाटते, वडिलांची इच्छा होती की मी माझ्या वाटेने जावे. हे सारे रचलेले असते, फसवणूकच असते. तरी घरी आणि वर्गात बोलणाऱ्या आपण सर्वांनी त्यातले मर्म घेण्यासारखे आहे.

मुलांनो, कॉबजवळ एक लहान भोवरा असतो. तो फिरतच राहिला तर स्वप्न, पडला तर जाग. "मला जमत नाही" हे वाक्य मनात आले की तुम्हीही भोवरा फिरवून बघा. हे मी करून पाहिले आहे, की कोणी सांगितले आहे? करून पाहिले नसेल, तर वही उघडा.

स्वाध्याय

1. साध्या औषधाने स्वप्नात वेळ 12 पट होतो. 10 तासांच्या झोपेत तिसऱ्या स्वप्नात किती दिवस मिळतील?
2. मुक्तपतनात वजन का जाणवत नाही? आकृतीसह लिहा.
3. तुमच्याबद्दल कोणीतरी बोललेले आणि तुम्ही खरे मानलेले एक वाक्य लिहा. ते कशाने तपासाल?
4. पालकांसाठी : या आठवड्यात मुलाला उद्देशून बोललेले कोणते वाक्य त्याला वीस वर्षांनी आठवावे, असे तुम्हाला वाटते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मीही लिहीत आहे.

आपला,
प्राचार्य