शिपायाच्या जागेसाठी पदवी लपवू का?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. एका बँकेत शिपायाची जागा निघालीय, पात्रता बारावी. अर्जात पदवी लिहिली नाही तर चालेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, लपवू नका. आधी जाहिरात नीट वाचा. काही बँका या पदासाठी ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अटच घालतात आणि ती कायद्याने टिकते. पंजाब नॅशनल बँकेत एका उमेदवाराने पदवी दडवून शिपायाची नोकरी मिळवली होती. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पात्रता ठरवणं हे नोकरी देणाऱ्याचं काम. माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. हाती आलेली नोकरी अशी जाणं फार क्लेशाचं.

अट नसेल तर पदवी बेधडक लिहा. ‘हा टिकेल का?’ ही शंका बँकेला येणारच. घराजवळची नोकरी हवी असेल, घरची जबाबदारी असेल, जे खरं असेल ते सरळ सांगा.

आणि बँकांच्या लिपिक भरतीला तर पदवीच लागते! आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेची ती परीक्षा, इंग्रजीचा भाग सोडून, मराठीतूनही देता येते. खुल्या गटाला वयोमर्यादा २८ आहे. त्यात बसत असाल तर तो अर्ज आधी भरा.